कोठीतले वाटेकरी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात पडला आहे. इतिहास, संतवाङ्मय, राज्यकारभार, अर्थकारण हे विषय अशा ठिकाणी शोभून दिसतात. आज मी घेतलेला विषय मात्र अवघा तीन मिलिमीटर लांबीचा आहे. आपण त्याला टोका म्हणतो, सोंडा म्हणतो, पोरकिडा म्हणतो, भुंगा म्हणतो. तांदूळ निवडताना तो सुपाच्या कडेने पळू लागला की बोटाच्या टोकाने आपण त्याला उडवून देतो आणि विसरून जातो.

परंतु हा विषय मांडण्यास याहून योग्य वेळ नाही. गहू-हरभऱ्याची मळणी उरकली आहे. उन्हे तापली आहेत. घरोघरी वर्षाची बेगमी चालू आहे. कोणी गहू वाळत घातले आहेत, कोणी तुरीची डाळ करून घेत आहे. येत्या पंधरा-वीस दिवसांत ज्या कोठ्या भरल्या जातील, त्यांचे श्रावण-भाद्रपदात काय होणार, हे आजच ठरावयाचे आहे. भाद्रपदात कोठी उघडून कपाळाला हात लावण्यात अर्थ नसतो. म्हणून आज या वाटेकऱ्यांची ओळख करून घेऊ.

पहिला प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो तो असा, की डबा घट्ट लावलेला होता, मग आत किडे आले कोठून? जुन्या लोकांनी याचे उत्तर सोपे करून ठेवले होते. ते म्हणत, धान्य जुने झाले की त्यात किडे आपोआप होतात. हे केवळ आपल्याकडचेच मत नव्हे. युरोपातही विद्वान लोक शेकडो वर्षे असेच मानीत होते. १६६८ मध्ये फ्रान्सिस्को रेडी नावाच्या इटालियन वैद्याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली आणि काही बारीक कापडाने झाकली. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. माशीने अंडी घातल्यावाचून अळी होत नाही, हे त्याने दाखवून दिले. धान्याचेही तसेच आहे. किडा धान्यातून उत्पन्न होत नाही. तो धान्यात अगोदरच येऊन बसलेला असतो, आणि आपण त्याला डब्यात घालून वर झाकण लावतो.

तो आत बसतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. गव्हा-तांदळातला सोंडा घ्या. रंग तपकिरी, पाठीवर चार तांबूस ठिपके, आणि तोंडाच्या जागी हत्तीसारखी सोंड. या सोंडेच्या टोकाला जबडे असतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रावाने ते भोक लिंपून टाकते. आपण सारवण घालून बळदाचे तोंड बंद करीत होतो ना, तसेच! बाहेरून दाणा अखंड दिसतो. आत पाय नसलेली पांढरी अळी दाण्याचे पीठ खाते, तेथेच कोष करते, आणि चार-पाच आठवड्यांनी पुरा वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे आपण सुपात जे किडे पाहतो ते झालेल्या कामाची केवळ पावती होय. पुढचे काम दाण्यांच्या आत चालू असते आणि ते पाखडून जात नाही.

कडधान्यातला भुंगेरा याहून वेगळ्या रीतीने वागतो. त्याची मादी तूर, मूग, चवळी, हरभरा यांच्या सालीवर अंडे चिकटवून ठेवते. मुगाच्या दाण्यावर खसखशीहूनही बारीक असा पांढरा ठिपका दिसतो, तो धुळीचा नव्हे, ते अंडे असते. त्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते. बाहेर पडताना ती टाचणीने कोरावी तशी वाटोळी खिडकी ठेवून जाते. गंमत अशी, की बाहेर आलेला भुंगेरा आठ-दहा दिवसच जगतो आणि आपल्या कोठीत काही खातही नाही. सारे खाणे अळीपणी उरकलेले असते. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे याची लागण शेतातच होते. शेंग झाडावर वाळत असताना मादी तेथे येऊन जाते. खळ्यावरून आलेली तूर जशीच्या तशी पिंपात भरली, तर पाहुणे आपणच घरात आणले असे समजावे.

तिसरा आहे तो पिठातला तांबडा भुंगेरा. याला अखंड, टणक दाणा फोडता येत नाही. फुटका दाणा, कणी, रवा, मैदा, पीठ हे याचे क्षेत्र. तो वर्षभराहून अधिक काळ जगू शकतो आणि त्याच्या अंगातून एक उग्र द्राव सुटतो. पिठाला कुबट वास येतो, रंग किंचित गुलाबीसर दिसतो, तो या द्रावामुळे. असे पीठ चाळून वापरण्यासारखे राहत नाही. मसाल्याच्या डब्यातले आणि बिस्किटांतले तपकिरी, गुबगुबीत भुंगेरे ही आणखी दोन भावंडे. त्यांतले एक तंबाखूच्या पानातही सुखाने राहते, आणि हळकुंडे व मिरच्याही त्याला वर्ज्य नाहीत.

ही मंडळी आज-काल आलेली नाहीत. इजिप्तमधील तुतनखामेन राजाचे थडगे १९२२ मध्ये उघडले गेले. त्या राजाबरोबर पुरलेल्या भांड्यांत मसाल्यातल्या आणि बिस्किटांतल्या या दोन्ही भुंगेऱ्यांचे अवशेष सापडले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातल्या कोठाराची आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीची तक्रार एकच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता एका अशा किड्याची गोष्ट सांगतो, ज्याचे नाव आपल्या घरातून जगभर गेले. तो म्हणजे खापरा. याच्या केसाळ अळ्या भिंतीच्या भेगांत, विटा-खापरांच्या सांदींत दडून बसतात, म्हणून त्याला खापरा म्हटले. इंग्रजांनी तोच शब्द उचलला आणि आज जगातल्या प्रत्येक बंदरावरचा अधिकारी त्याला खापरा याच नावाने ओळखतो. याची अळी अन्न मिळाले नाही तर सांदीत निपचित पडून वर्षे काढू शकते. १९५३ मध्ये हा किडा अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील एका गोदामात सापडला. त्या सरकारने तो किती गंभीरपणे घ्यावा? गोदामेच्या गोदामे प्रचंड ताडपत्र्यांनी गुंडाळून त्यांत विषारी वायू सोडला गेला. हे काम १९६६ पर्यंत चालले आणि त्यावर एक कोटी डॉलर्सहून अधिक खर्च झाला. आपल्याकडे ज्याला कुंच्याने झाडून टाकतात, त्याच्यासाठी तेथे एवढी मोहीम!

आपण हसाल, पण याच जातीच्या काळजीचा अनुभव आपल्या निफाड तालुक्याने घेतला आहे. आंब्याच्या कोयीत एक भुंगा असतो. तोही सोंड्याच्याच गोतावळ्यातला. तो आपल्या देशात येऊ नये म्हणून अमेरिकेने आपल्या आंब्याला दार बंद केले होते. ते दार २००७ मध्ये उघडले, ते येथून जवळच असलेल्या लासलगावात. भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेथे २००२ मध्ये विकिरण केंद्र उभारले होते. कोबाल्टच्या किरणांची ठरावीक मात्रा दिली की कोयीतल्या भुंग्याचा वंश पुढे चालत नाही, हे अमेरिकेने मान्य केले, आणि हापूसच्या पेट्या लासलगावाहून होऊन तिकडे गेल्या. एका भुंग्यामुळे आंब्याला आडवाटेने नाशिक जिल्ह्यात यावे लागले! तेव्हा तीन मिलिमीटरचा प्राणी लहान म्हणून सोडून देता येत नाही.

त्याचे बळ त्याच्या अंगात नाही, त्याच्या संख्येत आहे. सोंड्याची एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालते. आपण हात राखून हिशेब करू. तीनशेपैकी शंभरच जगली असे धरा, त्यांत पन्नास माद्या. दुसऱ्या पिढीत पाच हजार होतील, त्यांत अडीच हजार माद्या. तिसऱ्या पिढीत अडीच लाख. हा हिशेब कागदावरचा आहे हे खरे. जागा, खाणे, हवा यांनी त्याला आळा बसतो. पण प्रत्येक सोंडा एक दाणा खाऊन मोठा होतो. गव्हाच्या एका किलोत सुमारे पंचवीस हजार दाणे असतात. म्हणजे एका मादीच्या मागे तीन पिढ्यांत दहा किलो गहू! आणि या तीन पिढ्यांना ज्येष्ठ ते आश्विन एवढा काळ पुरतो.

देशाचा हिशेबही झालेला आहे. १९६० च्या दशकात, परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची आपल्यावर पाळी आली होती, त्या काळात सरकारने डॉ. पानसे यांच्या समितीकडे धान्याच्या नासाडीचा अंदाज सोपविला. मळणीपासून साठवणीपर्यंत शंभरांतले ९.३३ भाग वाया जातात, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. त्यांत साठवणीतील नुकसान ६.५८ आणि एकट्या किड्यांचा वाटा २.५५ भागांचा. उंदरांचा वाटा २.५० होता. म्हणजे ज्याला मारण्यासाठी आपण सापळे लावतो, मांजर पाळतो, त्या उंदराहून हा न दिसणारा वाटेकरी किंचित अधिकच खात होता.

मग आपले वाडवडील काय करीत होते? त्यांना सूक्ष्म जीवनक्रम ठाऊक नव्हता, पण त्यांच्या रीतींत शहाणपण होते. जेथे जमीन कोरडी व मुरमाड तेथे पेव असे. सोलापूर-मराठवाड्याकडे जोंधळा पेवात वर्षे टिकत असे. त्याचे कारण असे, की तोंड लिंपलेल्या पेवात धान्य आणि किडे हे दोघेही श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवीत, आणि किडे गुदमरून मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. अगोदर दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत माणसाचाही जीव जाईल, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. आज हवाबंद तिहेरी पिशव्या निघाल्या आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातील चवळीच्या शेतकऱ्यांसाठी त्यांची रीत बसविली. तत्त्व पेवाचेच आहे. फरक इतकाच, की पेव घरात ठेवता येत नाही आणि पिशवी ठेवता येते.

कडधान्यात राख मिसळत, तीही आंधळी रूढी नव्हती. किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. राखेच्या बारीक कणांनी तो खरवडला जातो आणि किडा वाळून मरतो. डाळीला, गव्हाला एरंडेल चोळण्याची चाल तर आजही घरोघर आहे. तेलाच्या पापुद्र्याने सालीवरच्या अंड्याला हवा मिळत नाही. संशोधकांनी मापून पाहिले, तेव्हा किलोभर कडधान्यास पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा खाण्याचे तेल पुरेसे ठरले. आख्ख्या तुरीची डाळ करून ठेवणे हीसुद्धा साठवणीची युक्तीच होय. भुंगेऱ्याला अखंड, गुळगुळीत दाणा पाहिजे. भरडलेल्या, साल काढलेल्या डाळीत त्याचा संसार नीट चालत नाही. कडुलिंबाच्या पाल्याबद्दल मात्र थोडे सावध बोलावे लागेल. बाहेरून येणाऱ्या किड्याला तो काही अंशी नकोसा होतो, पण दाण्याच्या आत बसलेल्या अळीला पाल्याचे काही वाटत नाही. पाला घातला म्हणून बाकीची काळजी सोडू नये.

आणि आता मी आजच्या व्याख्यानातील सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळतो. अलीकडे कष्टाची वाट सोडून गोळीची वाट धरण्याकडे आपला कल झाला आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या दमटपणाने विरघळू लागते आणि तिच्यातून एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. मोठ्या वखारींत, ताडपत्रीखाली, जाणकारांच्या देखरेखीत याचा उपयोग योग्य आहे. परंतु हीच गोळी पुडीत बांधून निजावयाच्या खोलीतल्या कोठीत टाकली जाते. वायूला कुलूप लावता येत नाही. तो कोठीच्या फटीतून निघतो, पार्टिशनच्या भिंतीतून शेजारच्या खोलीत जातो. अगोदर मळमळ, मग छातीत दाटणे, धाप. घरच्यांना वाटते, जेवणात काही आले असेल. या वायूवर उतारा नाही. डॉक्टर शर्थ करतात, पण त्यांच्या हाती नेमके औषध नसते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून घरेच्या घरे, विशेषतः लहान मुले, अशा रीतीने दगावल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. नियमाप्रमाणे ही गोळी सर्वसामान्य गिऱ्हाईकास विकता येत नाही. तरीही कोणी देऊ केली, तर ती घेऊ नका. पाच पोती गव्हासाठी घरातले माणूस गमावणे, हा कोणत्या हिशेबात बसणारा व्यवहार आहे?

शिवाय या अर्ध्यामुर्ध्या धुरीने किडाही संपत नाही. जागा हवाबंद नसेल तर दुबळे किडे मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्या चिवटांची होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभर पाहणी केली, तेव्हाच फॉस्फिनला दाद न देणारे किडे आढळू लागले होते. पाऱ्याच्या गोळ्या व बोरिक पावडर यांचेही तेच समजावे. ज्या वस्तू आपण पोटात घेणार नाही, त्या पोटात जाणाऱ्या धान्यात मिसळू नयेत, हा साधा नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

मग करावयाचे काय? आपल्याजवळ एक औषध फुकट आहे, ते म्हणजे हे डोक्यावरचे ऊन. धान्यातले किडे, त्यांची अंडी आणि दाण्याच्या आतल्या अळ्यासुद्धा पन्नास अंशांपलीकडची उष्णता फार वेळ सोसू शकत नाहीत. वैशाखातल्या दुपारी पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर बोटभर जाडीने पसरलेले धान्य एवढे सहज तापते. ढीग करून उपयोग नाही. वरचे तापते आणि खालचे किडे आणखी खाली जातात. दोन-तीन दिवस पसरावे, मधूनमधून हलवावे. बियाण्यासाठी ठेवलेले धान्य मात्र असे फार तापवू नये, नाही तर किड्याबरोबर कोंबही मरेल. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच झाकू नये. ते रात्रभर निवू द्यावे. नाही तर आत घाम धरतो आणि तो ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. शंभर भागांत आठ-नऊ भागांहून अधिक पाणी नसेल तर सोंड्याचा वंश वाढत नाही.

दुसरी गोष्ट कोठीची. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. तळाशी उरलेले ओंजळभर दाणे हे बियाण्यासारखे असतात, फक्त ते किड्यांचे बियाणे असते. पिंप रिकामे करावे, सांधे-कोपरे खरवडावेत, तेही उन्हात ठेवावे. वर्षाचे धान्य एकाच मोठ्या पिंपात ठेवण्यापेक्षा चार लहान डब्यांत काठोकाठ भरावे आणि एका वेळी एकच उघडावा. रोज उघडणाऱ्या डब्यात हवा आणि पाहुणे दोन्ही जातात. पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळावे. रवा भाजून ठेवावा. घरी शीतकपाट असेल तर थोडे मूग, रवा, धने-मिरची त्याच्या बर्फाच्या खणात आठवडाभर ठेवल्यास आतले सारे मरते. निफाडची थंडी वर्तमानपत्रांत गाजते. त्या दिवसांत आपल्या कोठीत किडे वाढत नाहीत, ते याच कारणाने. पंधरा अंशांखाली बहुतेकांची वाढ थांबते.

आणखी एक गोष्ट नदीकाठच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले, ते आपण विसरलेला नाही. पुरात भिजलेले धान्य वाळवून पुन्हा कोठीत घालण्याचा मोह होतो. त्यात किड्याहून बुरशीचे भय मोठे. बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. टोका चुकून पोटात गेला तर माणूस मरत नाही. काळी-हिरवी बुरशी धरलेला दाणा मात्र माणसाच्या पोटात जाऊ नये, जनावराच्याही नाही. आणि कोठीची जागा जोत्यावर, शक्य तेवढी उंच असावी.

शेवटी, हा केवळ गृहिणीचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. भुंग्याच्या भीतीने लहान शेतकरी काय करतो, ते पाहा. तूर खळ्यावर आली की भाव उतरलेला असतो. तरी तो विकून मोकळा होतो, कारण ठेवली तर भुंगा लागेल. पुढे तोच माणूस पावसाळ्यात वाण्याच्या दुकानातून दुप्पट दराने डाळ विकत घेतो. हा तोटा कोणत्याच समितीच्या आकड्यांत दिसत नाही, पण तो भुंग्यानेच केलेला असतो. धान्य टिकविण्याची ताकद म्हणजे भावासाठी थांबण्याची ताकद. याचसाठी महाराष्ट्राच्या पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना सुरू केली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्यावर पाऊणपट किमतीपर्यंत कर्ज घ्यावे आणि भाव आल्यावर विकावा. परंतु गोदामात जाण्याआधीही माल घरात पंधरा दिवस, महिना राहतोच. तो तेथे नीट राहिला नाही, तर गोदाम तरी काय करणार?

गव्हाबरोबर किडे रगडले जातात अशी आपल्यात म्हण आहे. आजवर गहू जात्यात पडेपर्यंत किड्याने आपला वाटा उचललेलाच असतो. रगडला जातो तो पोट भरून. आपल्याला त्याला गव्हापासून आधीच वेगळा करावयाचा आहे, आणि तोही विषाने नव्हे. या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे: रिकामी कोठी उन्हात टाकावी, मुगाचे चार दाणे हातावर घेऊन पांढरे ठिपके पाहावेत, आणि फडताळात जर ती गोळ्यांची पुडी असेल, तर ती उघडू नये, पाण्यात टाकू नये, मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद, कोरड्या स्थितीतच कृषी खात्याच्या माणसाला दाखवून तिची वाट लावून घ्यावी. एवढे झाले तरी माझ्या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.